पोर्टेबल मॉनिटर घेण्याआधी लॅपटॉपचा पोर्ट तपासा

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या आयटी कंपन्यांत काम करणारे अनेक जण आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. ऑफिसात दोन स्क्रीनची सवय झाल्यावर घरी लॅपटॉपची एकच स्क्रीन अपुरी वाटते. अशा वेळी पोर्टेबल मॉनिटर उपयोगी पडतो. तो बहुधा १५.६ इंचांचा, सुमारे किलोभर वजनाचा असतो आणि लॅपटॉपच्याच बॅगेत मावतो.

टाइप-सी पोर्ट असला म्हणजे झालं का?

नाही. टाइप-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचं नाव आहे. काही टाइप-सी पोर्टमधून फक्त डेटा आणि वीज जाते, चित्र जात नाही. त्यासाठी पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्टची सोय लागते. पोर्टजवळ खूण नसली, तर कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलची माहिती पाहा.

केबल कोणती?

मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा चित्र नेत नाही. मॉनिटरसोबत आलेली केबलच वापरा.

टाइप-सीतून चित्र जात नसेल तर?

एचडीएमआय वापरा. मॉनिटरला बहुधा मिनी-एचडीएमआय पोर्ट असतो, त्यामुळे तशी केबल लागते. एचडीएमआयमधून मॉनिटर चालण्याइतकी वीज मिळत नाही, म्हणून चार्जर वेगळा जोडावा लागतो. साध्या यूएसबीवर चालणाऱ्या डिस्प्लेलिंक अडॅप्टरचाही पर्याय आहे. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ती परवानगी नसू शकते.

बॅटरीवर किती ताण येतो?

समजा, लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-अवरची आहे आणि तो १० वॉट वीज घेतो. मग तो पाच तास चालेल. ८ वॉटचा मॉनिटर त्याच बॅटरीवर जोडला, तर तीन तासही मिळणार नाहीत. वीज जाण्याची शक्यता असेल तर पॉवर बँक जवळ ठेवा.

जोडल्यावर काय करायचं?

विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ निवडलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं.

तापकीर गल्लीतून घ्या किंवा मॉलमधून, स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच जोडून पाहा. ऑनलाइन मागवत असाल, तर परत करण्याची मुदत आधी वाचा.