सरळ आणि वळणदार अवतरणचिन्हे

मोडीतील बखरींना आणि बाळबोध पोथ्यांना अवतरणचिन्हांची गरज भासली नाही, कारण बोलणे कोठे संपले हे ‘असे म्हणाला’ यांसारखी वाक्यरचनाच सांगत असे. मराठीत विरामचिन्हे रुजली ती छपाईच्या काळात, इंग्रजीच्या धर्तीवर. मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तिकेत त्यांची मांडणी केली आणि पुढे शालेय व्याकरणाने बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांना दुहेरी, तर लक्ष वेधावयाच्या शब्दाला एकेरी चिन्ह अशी वाटणी पक्की केली. जुळाऱ्याला, म्हणजे हाताने खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, याहून महत्त्वाचा भेद उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या चिन्हांमधला होता. इंग्रजी छपाईत तर स्वल्पविरामाचा खिळा उलटा बसवून अवतरण उघडण्याची रीत होती.

हा भेद मोडला तो टंकयंत्राने. कळा मोजक्याच असल्यामुळे दोन्ही टोकांना चालेल असे एकच उभे, सरळ चिन्ह त्यावर ठेवले गेले आणि ही काटकसर पुढे संगणकाच्या वाट्याला आली: अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या संकेतप्रणालीत दुहेरी चिन्हाला ३४ आणि एकेरीला ३९ असा प्रत्येकी एकच क्रमांक मिळाला. वळणदार चिन्हांना विंडोजच्या पाश्चात्त्य संकेतसंचात १४५ ते १४८ या जागा मिळाल्या आणि १९९१ च्या युनिकोडनेही त्यांना स्वतंत्र स्थान दिले. कळफलकावरची कळ तेवढी सरळच राहिली.

ही उणीव भरून काढण्यासाठी शब्दप्रक्रिया करणाऱ्या प्रणाली अंदाज बांधू लागल्या: आधी मोकळी जागा किंवा कंस असेल तर चिन्ह उघडणारे, अक्षर असेल तर मिटणारे. अंदाज बहुधा बरोबर येतो, पण संयोगचिन्हानंतर किंवा शतक गाळून लिहिलेल्या सालाआधी तो फसतो, शिवाय अन्यत्रून चिकटवलेल्या मजकुराला तो लागूच होत नाही. त्यामुळे अनेकांच्या हातून गेलेल्या दस्तऐवजात दोन्ही प्रकार शेजारी नांदतात, आणि त्याचा दोष लेखकाच्या निष्काळजीपणाला देणे फारसे न्याय्य नाही. वर्डमध्ये स्वयंबदलाची सोय चालू ठेवून सरळ चिन्ह शोधावे व त्याच्या जागी तेच पुन्हा घालावे, म्हणजे प्रणाली प्रत्येक चिन्हाचा नव्याने विचार करते. फसलेली ठिकाणे मात्र डोळ्यांनीच तपासावी लागतात.

युनिकोडपूर्व देवनागरी टंकांत हा उपाय घातकही ठरू शकतो. रेमिंग्टन मांडणीच्या कृतिदेव टंकात ३९ व्या क्रमांकावर अर्धा ‘श’ आणि ३४ व्या क्रमांकावर अर्धा ‘ष’ बसवलेला असून अवतरणचिन्हे भलत्याच कळांवर आहेत, म्हणून अशा मजकुरात आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मगच चिन्हांची दुरुस्ती, हा क्रम पाळावा लागतो.