विंचवाचें विष आणि पेशींचीं दारें

मुरुड नांवाचीं दोन गांवें महाराष्ट्रास परिचित आहेत. एक मराठवाड्यांत, लातूर जिल्ह्यांत. दुसरें कोंकणांत, रायगडच्या समुद्रकांठीं. एकाभोंवतीं कोरडवाहू शेती, दुसऱ्याभोंवतीं नारळीपोफळीच्या बागा. तथापि एका भयाची ओळख दोहींकडे सारखीच आहे. सरपण ओढतांना अगर गवताची पेंढी उचलतांना बोटास नांगी लागावी आणि घरच्या माणसांनीं मांत्रिकाकडे धांव घ्यावी, हा प्रसंग दोन्ही प्रांतांच्या अनुभवांतील आहे. या भयाचा उलगडा ज्यांनीं केला, त्या डॉ. हिंमतराव बावस्करांचें आयुष्यहि मराठवाड्यांतून निघून रायगडांतच स्थिरावलें.

लोकांची भीति बहुधा मोठ्या, काळ्या इंगळीवर खिळलेली असते. खरा घातक मात्र लहानसा तांबडा विंचू. त्याच्याहि पुष्कळशा दंशांत विष शरीरभर भिनत नाहीं. बोटास असह्य ठणका लागतो आणि रोगी आपोआपच बरा होतो. श्रेय तेवढें मंत्रास मिळतें. ज्या थोड्यांच्या अंगांत विष भिनतें, त्यांचे प्राण मात्र मंत्राच्या अवधींतच धोक्यांत येतात.

बावस्करांचा जन्म १९५१ सालीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांत, एका गरीब कुटुंबांत झाला. नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ सालीं ते महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. योगायोग असा कीं, त्याच सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें नेहर व साकमन या शास्त्रज्ञांनीं, कांचेच्या अतिसूक्ष्म नळीच्या साह्यानें, पेशीच्या आवरणांतील एकट्या दारांतून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९९१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बिरवाडीस असली सामग्री कोठून असणार? तेथें होते रोगी, आणि त्यांच्या उशाशीं रात्र काढण्याची एका तरुण डॉक्टराची तयारी.

त्या जागरणांतून एक क्रम स्पष्ट झाला. प्रथम ओकाऱ्या व दरदरून घाम. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. कांहीं तासांनीं हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें आणि माणूस दगावतो. १९८२ सालीं बावस्करांनीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांत या पूर्वचिन्हांविषयीं लिहिलें.

असें कां व्हावें, हें समजण्यास पेशीच्या दारांकडे वळलें पाहिजे. मज्जातंतूच्या आवरणांत असंख्य सूक्ष्म दारें असतात. निरोप आला म्हणजे तीं उघडतात, सोडियमचे विद्युद्भारित कण आंत शिरतात, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच दारें मिटतात, निरोप संपतो. विंचवाचें विष हीं दारें मिटूं देत नाहीं. मग निरोपांमागून निरोप सुटत राहतात आणि ॲड्रिनॅलिन व नॉर-ॲड्रिनॅलिन यांचा पूर रक्तांत लोटतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर हे निरोप ऐकणारे जणुं कानच असतात, त्यांस ‘अल्फा-ग्राहक’ म्हणतात. त्यांच्या द्वारें वाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो.

निरोप्या गप्प बसत नसेल तर ऐकणाऱ्याचे कान झांकावे, हा बावस्करांच्या उपचाराचा सारांश होय. पुण्यास एम. डी. होऊन ते पुन्हां त्याच भागांत परतले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाची साधी, पोटांत घेण्याची गोळी त्यांनीं या रोग्यांस दिली. १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें तें वृत्त प्रसिद्ध झालें. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. तें प्रमाण या गोळीनें शेंकडा एकाच्या आसपास आलें. पुढें प्रतिविषाची जोडहि मिळाली. २०११ सालीं त्यांनीं व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनीं ७० रोग्यांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, दोन्ही मिळून दिल्यास रोगी अधिक लवकर सांवरतो. २०२२ सालीं बावस्करांस पद्मश्री मिळाली.

याच तांबड्या विंचवाच्या विषांतून १९९० सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं ३७ अमिनो आम्लांचें एक लहानसें प्रथिन वेगळें काढलें. ‘आयबेरिओटॉक्सिन’ हें त्याचें नांव. तें पोटॅशियमच्या एका विशिष्ट जातीच्या दारास नेमकें बूच बसवितें. म्हणून अमुक काम त्याच दाराचें कीं अन्य कोणाचें, हें पारखण्यास जगभरच्या प्रयोगशाळा तें वापरतात. आपल्या बांधावरील विंचू असा शास्त्रज्ञांच्या हातचें हत्यार झाला!

दार कसें उघडतें हा प्रयोगशाळेचा प्रश्न. हा माणूस कां मरतो हा बिरवाडीचा प्रश्न. दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं येऊन मिळालें, आणि दुसरा प्रश्न विचारण्यास खेड्यांतला दवाखाना पुरेसा होता. आतां उरतें तें आपलें काम. घाम आणि ओकारी दिसतांच रोग्यास दवाखान्यांत नेलें पाहिजे. कारण मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला तास कोणत्याहि गोळीनें परत मिळत नाहीं.