दारूगोळ्याचा प्रश्न आणि घोट-चामोर्शी परिसर : १८५८ च्या उठावापासून भरमार बंदुकीपर्यंत

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या इतिहासात १८५८ च्या गोंड उठावाला मानाचे स्थान आहे. बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांचे नेतृत्व, त्यांचे शौर्य आणि त्यांचे बलिदान यांविषयी बरेच लेखन झाले आहे. परंतु या लढ्याची भौतिक बाजू अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटली आहे. लढणाऱ्यांच्या हाती कोणती बंदूक होती, तिला लागणारी दारू व शिसे कोठून येत होते, आणि हा पुरवठा तुटला तेव्हा काय झाले, हे प्रश्न वरकरणी गौण वाटतात. प्रत्यक्षात याच प्रश्नांतून इंग्रजी सत्तेचे शस्त्रविषयक धोरण आणि वनवासी समाजाचे त्याला दिलेले उत्तर उलगडते.

प्रस्तुत लेखात घोट-चामोर्शी परिसर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उठावासंबंधीची उपलब्ध माहिती, स्थानिक परंपरा आणि शस्त्रविषयक कायद्यांतील तरतुदी यांचा एकत्रित विचार केला आहे. बंदूक हिरावून घेण्यापेक्षा दारूगोळ्याच्या विक्रीवर ताबा ठेवणे हे अधिक स्वस्त आणि अधिक परिणामकारक नियंत्रण ठरले, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

राजकीय पार्श्वभूमी

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच वर्षी चांदा जिल्हा कंपनीच्या थेट अंमलाखाली आला. वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलूख जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. आज चामोर्शी तालुक्यात असलेले घोट हे अशाच एका जमीनदारीचे ठाणे होते. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव आणि मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये नव्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. शेडमाके यांनी उभारलेल्या दलात सुमारे पाचशे माणसे होती, असे सांगितले जाते. त्यात गोंड व माडिया तरुणांबरोबर रोहिलेही होते. रोहिल्यांचा समावेश बोलका आहे. भाडोत्री शिपाई आपले हत्यार व ते चालविण्याचा सराव सोबत आणतो. त्यामुळे बंदुकीची उणीव काही अंशी अशा मनुष्यबळातून भरून काढली गेली असावी, असे अनुमान करता येते.

मार्च १८५८ मध्ये नांदगाव-घोसरी व गढीसुर्ला येथे आणि एप्रिलमध्ये सगनापूर व बामणपेठ येथे चकमकी झाल्या. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुडी येथील तारायंत्राच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. त्यानंतर उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने पाठलाग चालविला. सप्टेंबरमध्ये बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. १८६० मध्ये तेही पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची जमीनदारी जप्त झाली.

उठावातील दारूगोळा

गढीसुर्ल्याच्या लढाईची हकीकत या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. स्थानिक परंपरेनुसार २० मार्चच्या पहाटे इंग्रजी फौजेने टेकडीला वेढा घालून गोळीबार सुरू केला. वरून उठावकऱ्यांनी धोंडे लोटले. सतत गोळीबार केल्याने फौजेच्या गोळ्या संपल्या आणि तिला माघार घ्यावी लागली. मौखिक परंपरेत अतिशयोक्तीचा अंश असतोच. तो वजा केला तरी एक गोष्ट उरते. या परिसराने आपला विजय आठवणीत जपला तो शत्रूचा दारूगोळा संपला म्हणून मिळालेला विजय या रूपात. बंदूक कितीही चांगली असली तरी दारू संपली की ती केवळ एक दांडकी उरते, ही जाण त्या कथेत स्पष्ट दिसते.

मात्र हेच शस्त्र उलटही चालते. धोंडे टेकडीवर मिळतात, मैदानी चकमकीत मिळत नाहीत. बंदुकीच्या दारूचे तीन घटक म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा जंगलात मुबलक होता. सोरा गुरांच्या गोठ्याच्या व जुन्या वस्तीच्या खारट मातीतून काढण्याची कला देशभर माहीत होती. गंधक व गोळ्यांसाठी लागणारे शिसे मात्र व्यापाऱ्याकडूनच घ्यावे लागे. याउलट या प्रदेशात लोखंडाची वाण नव्हती. देऊळगाव, लोहारा, सुरजागड येथील खनिज प्रसिद्ध आहे आणि देशी भट्ट्यांत लोखंड गाळण्याची परंपरा चांदा जिल्ह्यात जुनी होती. म्हणजे बाणाचे पाते गावातला लोहार घडवू शके, पण बंदुकीची गोळी बाजारावाचून घडत नसे. बाजाराच्या वाटा, नदीचे उतार आणि मोठी गावे इंग्रजांच्या किंवा त्यांच्या मित्र जमीनदारांच्या ताब्यात जाताच उठावकऱ्यांची बंदूक दुबळी होत जाणे अटळ होते. उठाव मोडण्यात फितुरीचा वाटा मोठा होताच. परंतु लक्ष्मीबाईंची मदत केवळ माणूस पकडून देण्यापुरती मर्यादित नव्हती. अहेरीसारखी विस्तीर्ण जमीनदारी विरोधात गेल्याने पुरवठ्याचा एक मोठा मुलूखच उठावकऱ्यांना बंद झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

ही अडचण केवळ वनप्रदेशाची नव्हती. ११ मे १८५७ रोजी इंग्रजांनी दिल्लीचे शस्त्रागार स्वतःच उडवून दिले. पुढे शिपायांनी बेगम समरूच्या वाड्यात दारू तयार करण्याचा कारखाना चालविला, परंतु ७ ऑगस्ट १८५७ रोजी तेथे प्रचंड स्फोट होऊन तो नष्ट झाला. मोगल बादशहाच्या राजधानीत, हजारो कसलेल्या शिपायांच्या हाती जे टिकले नाही, ते घोटच्या जंगलात टिकावे अशी अपेक्षा करणे न्याय्य ठरणार नाही.

कायद्याची जडणघडण : १८५७ ते १८७८

इंग्रजी सत्तेने या अनुभवातून लवकर बोध घेतला. १८५७ च्या २८ व्या कायद्यात शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांचे नियमन करण्यात आले. हा कायदा तात्पुरता होता. त्यानंतर १८६० चा ३१ वा कायदा आला आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा ११ वा कायदा, म्हणजे भारतीय शस्त्र अधिनियम, संमत झाला. या कायद्यातील वंशभेदावर राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून टीका केली, हे सर्वज्ञात आहे. त्या मानाने कायद्याच्या व्याख्यांकडे कमी लक्ष गेले आहे.

१८७८ च्या कायद्यात दारूगोळा या संज्ञेत बंदुकीच्या टोप्या, चकमकीचे दगड, दट्ट्यासाठी लागणारे बोळे यांसारख्या लहानसहान वस्तूंचाही समावेश होता. त्यातून शिसे, गंधक व सोरा मात्र नावानिशी वगळले होते. पण त्याच कलमात ‘लष्करी सामग्री’ या संज्ञेखाली अधिसूचना काढून हेच तीन पदार्थ हव्या त्या प्रदेशात बंधनाखाली आणण्याची मुभा सरकारने ठेवली होती. एरवी व्यापार मोकळा ठेवावा आणि अशांतता दिसताच नेमका कच्चा माल अडवावा, अशी ही योजना होती. विनापरवाना निर्मिती व विक्री हा गुन्हा ठरल्यामुळे परवानाधारक विक्रेता हा सरकारचा जणू विनावेतन पहारेकरी झाला. गावोगाव झडत्या घेण्यापेक्षा मोजक्या दुकानांच्या नोंदवह्या तपासणे प्रशासनाला केव्हाही सोपे होते.

याच कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही होता. ते जवळ बाळगण्यासाठी बंदुकीप्रमाणे परवाना लागत नसे, तरी कायद्याच्या नजरेतून ते सुटले नव्हते. योगायोग असा की भारतीय वन अधिनियमही १८७८ मध्येच आला आणि राखीव जंगलातील शिकार व सापळे नियमांच्या कक्षेत आले. एका कायद्याने दारू दुर्मीळ केली, तर दुसऱ्याने ती वापरण्याची जागा आक्रसली. वनवासी शेतकऱ्याला हे दोन कायदे वेगळे भासण्याचे कारण नव्हते.

तोडा, टोपी आणि काडतूस

बंदुकीच्या तंत्रातील बदलांकडे आपण सहसा प्रगती म्हणून पाहतो. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. तोड्याच्या बंदुकीला जळती वात पुरत असे व ती घरी वळता येई. टोपीच्या बंदुकीला लागणारी स्फोटक टोपी गावात तयार होणे शक्य नव्हते, ती विकतच घ्यावी लागे. काडतुसाच्या बंदुकीत तर दारू, गोळी आणि टोपी एकाच कोषात बंद झाली व सारेच दुकानातून येऊ लागले. प्रत्येक पायरीवर नेम सुधारला, बार भरण्याचा वेळ वाचला, आणि त्याच प्रमाणात दुकानदारावरील व परवान्यावरील अवलंबित्व वाढले.

या दृष्टीने पाहिल्यास गडचिरोलीच्या खेड्यांत तोंडाकडून ठासून भरण्याची ‘भरमार’ बंदूक इतकी दीर्घकाळ का टिकली, याचा उलगडा होतो. ते मागासलेपणाचे लक्षण मानणे घाईचे होईल. भरमारीत दारूचे माप कमी-अधिक करता येते, शिशाच्या ठरावीक गोळीचा आग्रह धरावा लागत नाही आणि दुरुस्ती गावच्या लोहाराच्या आवाक्यात असते. तुटवड्यात जगणाऱ्या समाजाने तुटवड्याला सर्वाधिक तोंड देऊ शकणारे हत्यार निवडले, असे म्हणणे अधिक योग्य होय. त्याच्या जोडीला दारू न लागणारी साधने होतीच. धनुष्यबाण, सापळे, गावाने मिळून केलेली हाक्याची शिकार, आणि धान पिकू लागले की मचाणावर बसून केलेली रात्रीची जागल ही सर्व त्याच व्यवस्थेची अंगे होत. बार वाचवायचा तर माणसे अधिक लागतात. दारूगोळ्याची उणीव अशा रीतीने सामूहिक श्रमाने भरून काढली गेली.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वंशभेद संपविला, पण नियंत्रणाचा आराखडा बराचसा तोच ठेवला. दारूगोळ्याच्या घटकद्रव्यांना अधिसूचनेद्वारे बंधनाखाली आणण्याची तरतूद याही कायद्यात आहे. परवान्यात वर्षभरात किती दारूगोळा घेता येईल आणि एका वेळी किती जवळ ठेवता येईल, याची मर्यादा नमूद होते. दुसरीकडे, पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख या कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्टपणे आला आहे. म्हणजे शेतकऱ्याची भरमार कायद्याला तत्त्वतः अमान्य नाही.

व्यवहारात मात्र बंधने एकावर एक साचत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील शस्त्रपरवान्यांची नोंदणी आवश्यक झाली आणि नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागू झाली. १९८६ मध्ये चपराळा अभयारण्य घोषित झाल्याने चामोर्शी परिसरातील गावे या तरतुदीच्या कक्षेत आली. १९८० पासून जिल्ह्यात शिरलेल्या सशस्त्र नक्षल चळवळीमुळे प्रत्येक बंदुकीकडे संशयाने पाहणे प्रशासनाला भाग पडले. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची छाननी होऊन शस्त्रे जमा करून घेतली जातात. राज्य विधानसभेच्या २००९, २०१४ व २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरमध्ये आणि २०२४ ची नोव्हेंबरमध्ये झाली. चामोर्शीकडे हेच दिवस धान निसवण्याचे व कापणीचे असतात. रानडुकरांचा उपद्रव नेमका तेव्हाच शिगेला पोहोचतो. नियम करणाऱ्याचा हेतू निर्दोष असूनही त्याचे वेळापत्रक आणि शेताचे वेळापत्रक परस्परांना छेद देतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीजवळ चांदा आयुध निर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आले. देशाच्या सैन्याला दारूगोळा पुरविणारा हा प्रदेश आहे. त्याच प्रदेशातील शेतकऱ्याला मात्र परवाना असूनही वर्षाच्या मोजक्या बारांचा हिशेब ठेवावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. १८५८ च्या उठावाच्या मर्यादा केवळ संख्याबळात किंवा फितुरीत शोधणे अपुरे आहे. गंधक व शिसे यांसाठी बाजारावर असलेले अवलंबित्व ही त्या लढ्याची मूलभूत दुर्बलता होती.

२. इंग्रजी शस्त्रकायद्यांचा खरा कणा विक्रीवरील नियंत्रण हा होता, आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने तो बऱ्याच अंशी पुढे चालविला.

३. भरमार बंदूक, धनुष्यबाण व सामूहिक जागल ही तुटवड्याशी जुळवून घेण्याची विचारपूर्वक घडलेली व्यवस्था होती.

अनिर्बंध शस्त्रविक्रीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. गडचिरोलीने हिंसेची फार मोठी किंमत मोजली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह येथेच शस्त्रे खाली ठेवली. अशा वेळी दोन गोष्टींचा विचार व्हावा. पीकसंरक्षणासाठी कायद्याने मान्य केलेला हक्क हंगामाच्या दिवसांत निरुपयोगी ठरू नये. शस्त्र जमा करून घ्यायचे असेल, तर त्या काळात पिकाच्या राखणीची पर्यायी जबाबदारी प्रशासनाने उचलावी. तसेच गावकऱ्यांनी स्वेच्छेने पोलिसांकडे जमा केलेल्या भरमार बंदुका केवळ मुद्देमाल म्हणून नष्ट होऊ नयेत. त्यांपैकी निवडक बंदुका निकामी करून, त्यांच्या घडणीच्या नोंदींसह, जिल्ह्यातील एखाद्या संग्रहालयात ठेवाव्यात. ज्या समाजाने लेखी दप्तरे मागे ठेवली नाहीत, त्याच्या इतिहासाचे दप्तर अशाच वस्तूंत असते.