अंधारात वाजलेला फोन

गोष्ट २००६ च्या उन्हाळ्यातली. भारनियमनाचे दिवस होते. वीज केव्हा जाणार आणि केव्हा येणार, याचे वेळापत्रक सोलापुरात घरोघर पाठ झाले होते. वीज गेली की यंत्रमाग थांबत, गल्लीत एकाएकी शांतता पसरे आणि माणसे दारात बाजा टाकून बसत. अशाच एका रात्री मिट्ट काळोखात आमच्या घरातला फोन वाजला. मामूंची तब्येत बिघडल्याचा निरोप होता. अम्मी मिळेल त्या गाडीने हैदराबादला गेली आणि तिला भावाची शेवटची भेट मिळाली.

पुढे कित्येक दिवस ती विचारायची, "घरात लाइट नव्हती, मग फोन कसा वाजला रे?" मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. मला काय ठाऊक! मी म्हणायचो, "अल्लाची मेहरबानी, अम्मी." उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

उरलेले उत्तर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांच्या खोलीत होते. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली तयार केली. तिचा एक सेल साधारण दोन व्होल्टचा. असे चोवीस सेल एकापुढे एक जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. जगभरच्या एक्स्चेंजमध्ये हीच रचना रूढ झाली. गावाची वीज गेली तरी या बॅटऱ्या चालू राहत. तांब्याच्या ज्या दोन तारांतून आवाज येई, त्यांतूनच फोनला लागणारी वीजही येई. घंटी वाजवणारा प्रवाहसुद्धा तिथूनच यायचा. थोडक्यात, आमच्या फोनची बॅटरी आमच्या घरात नव्हतीच. ती गावाच्या मालकीची होती म्हणा ना!

मात्र सुरुवातीपासून असे नव्हते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे पहिली एक्स्चेंजेस १८८२ च्या जानेवारीत उघडली. त्या जमान्यातल्या फोनला बोलण्यासाठी लागणारी बॅटरी फोनजवळच, गिऱ्हाइकाच्या घरात ठेवावी लागे. घंटी वाजवायला हाताने दांडा फिरवायचा. पुढे ही बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली आणि तिची देखभाल करण्याचे काम खात्याकडे आले. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने भारतीय खेड्यांसाठी, वातानुकूलनाशिवाय चालेल असे छोटे एक्स्चेंज बनवले. १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला ते सुरू झाले. धूळ, ऊन आणि लहरी वीज गृहीत धरूनच त्याची आखणी झाली होती.

मग आला फायबर. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो. तांब्याला जमणार नाही एवढी माहिती तो वाहून नेतो. पण एक गोष्ट त्याला जमत नाही. त्यातून वीज येत नाही. म्हणून घरातल्या मोडेमला आणि राउटरला आपल्याच घरची वीज लागते. ती गेली की इंटरनेट बंद. शंभर-सव्वाशे वर्षांचा फेरा पूर्ण करून बॅटरी पुन्हा गिऱ्हाइकाच्या घरात आली. फरक इतकाच, की या वेळी ती ज्याची त्याने आणायची आहे.

हे मला कळले ते अम्मीच्या आजारपणात. आमचे घर जुने, भिंती जाड. मोबाइलची रेंज आत पोहोचत नाही. फोन करायचा तो वायफायवरच. एका संध्याकाळी अम्मीला धाप लागली. डॉक्टर व्हिडिओवर तिला पाहत होते, आणि नेमकी वीज गेली. मी फोन हातात घेऊन गच्चीवर पळालो. तेवढ्या वेळात अम्मी खाली अंधारात एकटी होती.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. आयटीआय झालेला पोरगा. म्हणाला, "मामू, मोठा इन्व्हर्टर कशाला? इन्व्हर्टर बाराचे दोनशे तीस व्होल्ट करणार आणि अडॅप्टर पुन्हा त्याचे बारा. दोन्ही वेळेला वीज वाया." त्याने बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी आणली. जोडीला तिचा चार्जर, पॉझिटिव्ह वायरमध्ये फ्यूज आणि बॅटरीचे व्होल्टेज कमीजास्त झाले तरी बारावरच ठेवणारे छोटे सर्किट. राउटरवर किती व्होल्ट लिहिले आहेत, हे त्याने आधी दोनदा वाचले. डबा मात्र बंद ठेवू दिला नाही. शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघू शकतो, म्हणून हवा खेळती हवी. हिशेबही त्यानेच मांडला : बारा गुणिले सात म्हणजे चौऱ्याऐंशी वॉट-अवर. बॅटरी टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे. आमची यंत्रे दहा वॉट खातात. म्हणजे चार तासांची निश्चिंती. अर्थात, गल्लीतल्या खांबावर विजेवर चालणारे यंत्र असेल आणि तेच बंद पडले, तर आपली बॅटरी एकटी काय करणार?

याच सोलापुरातून ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूरची ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. शहराजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे वीज केंद्र उभे आहे. आता २००६ सारखी वीज जात नाही, हे मान्य करायलाच हवे. पण ती दहा मिनिटे गेली तरी आजारी माणसाला ती दहा मिनिटे फार मोठी असतात.

शेजारी एक खाला एकट्या राहतात. त्यांचा जुना फोन गेला आणि फायबर आला. अंधारात त्यांचा फोन आता मुका होतो, आणि बॅटरी जोडून द्यायला त्यांना भाचा नाही. फोनची ही जबाबदारी खात्याकडून घराकडे आली, तेव्हा कुणी दवंडी पिटली नाही. ज्याला जमले त्याने बॅटरी आणली. ज्याला जमले नाही त्याच्यापर्यंत अंधारात निरोप पोहोचेनासा झाला.

भाच्याने दुसरा डबा खालांसाठी बनवला. वीज गेली की अम्मी आता मला हाक मारत नाही. ती आधी खालांना फोन लावते. पलीकडे घंटी वाजली की निवांत होते.