ठिपक्यांचा हिशेब: संगणकीय खेळांतील डाउनसॅम्पलिंग आणि अपस्केलिंग

संगणकाच्या पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या ठिपक्यांचे बनलेले असते आणि त्रिमितीय खेळातील दृश्य रेखाटताना ग्राफिक्स कार्ड सर्वसाधारणपणे प्रत्येक ठिपक्याच्या मध्याशी काय आहे एवढेच तपासून त्याचा रंग ठरवते. या एका तपासणीला नमुना म्हणतात. भिंतीची तिरपी कड ठिपक्याच्या अर्ध्यातून गेली, तरी तो ठिपका पूर्णपणे भिंतीचा किंवा पूर्णपणे आकाशाचा ठरतो. त्यामुळे कडेला पायऱ्या पडतात, दूरची विजेची तार तुटक दिसते आणि दृश्य सरकू लागले की तिचे तुकडे लुकलुकतात. नमुने अपुरे पडल्याने उद्भवणाऱ्या या दोषाला एलायझिंग म्हणतात आणि संगणकनिर्मित चित्रांमधील त्याची मीमांसा फ्रँक क्रो यांनी १९७७ मध्येच केली होती. डाउनसॅम्पलिंग आणि अपस्केलिंग या वरकरणी परस्परविरुद्ध वाटणाऱ्या पद्धतींचा इतिहास म्हणजे वस्तुतः एका ठिपक्यासाठी पुरेसे नमुने कोठून आणावेत, या एकाच प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय.

पहिले उत्तर सरळ, पण खर्चिक होते. एका ठिपक्यासाठी अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढण्याच्या या पद्धतीला सुपरसॅम्पलिंग म्हणतात. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू५ ५५०० या २००० सालच्या कार्डाने दोन चिपांच्या बळावर प्रत्येक ठिपक्यामागे चार नमुने घेण्याची सोय दिली. मात्र नमुने चौपट झाले की कामही जवळपास चौपट होत असल्याने खेळाचा वेग ढासळत असे. २००१ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स ३ या कार्डासोबत रुळलेल्या मल्टिसॅम्पलिंगने त्यात काटकसर केली. जादा नमुने केवळ आकृत्यांच्या कडा ओळखण्यासाठी वापरायचे आणि रंगाचे गणित मात्र एकदाच करायचे, अशी ती युक्ती होती. पण पुढे पृष्ठभागावरील चकाकी आणि बारीक पोत यांतूनच लुकलुक निर्माण होऊ लागली, तेव्हा कडांपुरता हा उपाय तोकडा पडला.

या पार्श्वभूमीवर २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ हा खेळ पीसीवर आला, तो १०२४×७२० या अंतर्गत रिझोल्यूशनला, म्हणजे रेखाटल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या संख्येला, जखडलेला होता. ‘दुरांते’ या नावाने वावरणाऱ्या पीटर थोमान यांनी ‘डीएसफिक्स’ या छोट्या प्रणालीद्वारे ते बंधन सोडवले आणि पडद्याच्या क्षमतेपेक्षा मोठे चित्र रेखाटून ते आकसवण्याचा, म्हणजेच डाउनसॅम्पलिंगचा, मार्ग अनेक खेळाडूंना खुला झाला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने डायनॅमिक सुपर रिझोल्यूशन आणि डिसेंबरमध्ये एएमडीने व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन या नावांनी हीच सोय थेट ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीत, आणली. एनव्हिडियाच्या पर्यायातील ४ पट म्हणजे एकूण ठिपक्यांची चौपट. १९२०×१०८० च्या पडद्यासाठी ३८४०×२१६० चे चित्र तयार होते आणि त्यातील चार ठिपक्यांचा नेमका एक ठिपका होतो. २.२५ पट निवडल्यास प्रत्येक बाजू दीडपट होते, ठिपक्यांची वाटणी पूर्णांकात बसत नाही आणि म्हणून चित्र किंचित धूसर करणाऱ्या गाळणीची गरज भासते.

४के पडद्यांनी हे गणित उलटवले. सुमारे २१ लाख ठिपक्यांच्या जागी ८३ लाख ठिपके रंगवायचे आणि २०१८ पासून त्यात रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून छाया व प्रतिबिंबे ठरवण्याचे, ओझे वाहायचे, हे कार्डांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले. लहान चित्र रेखाटून ते मोठे करणे, म्हणजेच अपस्केलिंग, अपरिहार्य झाले. त्याचा पाया टेम्पोरल अँटी-एलायझिंगने घातला होता आणि एपिक कंपनीतील ब्रायन कॅरिस यांनी २०१४ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली होती. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकामागून एक रेखाटल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रात, नमुन्याची जागा अर्ध्या ठिपक्याहून कमी अंतराने हलवायची, मागील फ्रेममधील नमुने जपून ठेवायचे आणि वस्तू किती सरकली हे सांगणाऱ्या गतिसदिशांच्या आधारे ते नव्या जागी आणून मिसळायचे, असे त्याचे तंत्र आहे. एका क्षणात न परवडणारे नमुने येथे अनेक क्षणांतून गोळा होतात.

एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राची २०१८ मधील पहिली आवृत्ती प्रत्येक खेळासाठी स्वतंत्रपणे शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर विसंबून होती आणि तिची चित्रे अनेकदा पुसट दिसत. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने गतिसदिश आणि जुन्या फ्रेम यांचा आधार घेतल्यावर हे तंत्र स्थिरावले. एएमडीच्या एफएसआरची २०२१ मधील पहिली आवृत्ती केवळ चालू फ्रेमवर काम करणारी, पण कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालणारी होती; २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीने तिलाही जुन्या फ्रेमची जोड दिली आणि त्याच वर्षी इंटेलचे एक्सईएसएस आले. खेळातच अंतर्भूत असलेले अपस्केलिंग आयुष्यपट्टी, नकाशा आणि अक्षरे मूळ रिझोल्यूशनमध्ये नंतर रेखाटू देते, तर ड्रायव्हरमधील सरसकट अपस्केलिंग त्यांनाही ताणते. म्हणून दोन्ही उपलब्ध असल्यास पहिला पर्याय सरस ठरतो. मात्र गतिसदिश अपुरे असतील, तर वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे सावलीसारखा माग उरतो, हा दोष पूर्णपणे गेलेला नाही.

२०२२ मध्ये एनव्हिडियाने डाउनसॅम्पलिंगलाही न्यूरल नेटवर्कची जोड दिली आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. १९२०×१०८० च्या पडद्यावर २.२५ पटीचा हा पर्याय निवडला की लक्ष्य २८८०×१६२० होते. त्यावर डीएलएसएसची ‘क्वालिटी’ श्रेणी लावली की प्रत्येक बाजूचा दोनतृतीयांश भागच, म्हणजे पुन्हा १९२०×१०८० एवढेच चित्र, कार्ड प्रत्यक्षात रेखाटते. पडद्यावर जितके ठिपके, तितकेच रेखाटलेले असूनही साध्या चित्रापेक्षा हे चित्र सहसा अधिक स्थिर दिसते, कारण जादा माहिती आधीच्या फ्रेममधून आलेली असते. त्यामुळे कार्डाची शक्ती शिल्लक असेल तर डाउनसॅम्पलिंग आणि अपुरी असेल तर अपस्केलिंग हा जुना ठोकताळा आजही उपयोगी असला, तरी चित्राचा दर्जा केवळ रिझोल्यूशनच्या आकड्यावरून जोखण्याचे दिवस सरले आहेत.