वुड दिवा

त्वचा, केस व मूत्र यांच्या तपासणीत वापरण्यात येणारा दीर्घ तरंगलांबीच्या जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांचा दिवा. हे किरण पडले असता काही पदार्थ अनुस्फुरण दाखवितात, म्हणजे किरण शोषून जास्त तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. अंधाऱ्या खोलीत दिसणाऱ्या या प्रकाशाच्या रंगावरून रोगनिदानास मदत होते.

इतिहास : अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड (१८६८–१९५५) यांनी १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडविणारा व जंबुपार किरण जाऊ देणारा गाळक तयार केला. निकेल ऑक्साइडयुक्त बेरियम सिलिकेटाच्या अशा काचेतून ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पार होतात. त्यांत ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वाधिक असतात. त्वचारोगविज्ञानात या दिव्याचा वापर १९२५ मध्ये फ्रान्समधील मार्गारो व देव्हेझ यांनी केसांतील कवकसंसर्ग ओळखण्यासाठी प्रथम केला. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलांमध्ये डोक्यावरील गजकर्णाची साथ पसरली. तिला कारणीभूत असलेल्या मायक्रोस्पोरम ऑडूइनाय या कवकाने ग्रासलेले केस दिव्याखाली हिरवट चमकत असल्याने एकेका शाळेतील मुलांची झटपट तपासणी करणे शक्य झाले.

भारतातील उपयोग : भारतात हा अनुभव जसाच्या तसा लागू पडला नाही. येथे डोक्यावरील गजकर्ण बव्हंशी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम व त्याच प्रजातीतील इतर कवकांमुळे होते आणि त्यांनी ग्रासलेले केस सहसा चमकत नाहीत. त्यामुळे केस चमकले नाहीत म्हणून संसर्ग नाही, असे मानता येत नाही. केसांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व कवकाचे संवर्धन आवश्यक ठरते. याउलट शिबे हा विकार उष्ण व दमट हवेत बळावतो. मुंबईच्या मढसारख्या किनारी गावांतील हवा त्यास पोषक असते. शिब्यांच्या डागांवर पिवळसर ते सोनेरी अनुस्फुरण दिसू शकते. जांघा व काखा यांतील एरिथ्राझ्मा या जंतुजन्य विकारात पोवळ्यासारखा तांबडा रंग दिसतो. तो जंतूंनी निर्माण केलेल्या पॉर्फिरिनामुळे येतो.

महाराष्ट्रात या दिव्याचा सामाजिकदृष्ट्या महत्त्वाचा उपयोग पांढऱ्या डागांच्या तपासणीत होतो. मराठीतील ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासून आला असून कोडास श्वेतकुष्ठ असेही म्हणतात. या नामसाम्यामुळे कोड व कुष्ठरोग (महारोग) यांची लोकांत गल्लत होत आली. वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगाभोवतीचा कलंक मात्र मोठा होता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ मध्ये वगळण्यात आले. साहजिकच डाग कोणत्या रोगाचा, या प्रश्नावर रुग्णाचे लग्न व घरातील स्थान अवलंबून राही.

त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य जंबुपार किरण शोषून घेते. कोडात ते नाहीसे झाल्याने किरण खोलवर पोहोचून तेथील कोलॅजेन चमकते व डाग निळसर पांढरा, ठळक कडांचा दिसतो. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यात रंगद्रव्य केवळ कमी झालेले असल्याने तशी झळाळी येत नाही. गोऱ्या त्वचेवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोडही या दिव्याने आढळते. तथापि कुष्ठरोगाचे निदान दिव्यावरून होत नाही. त्यासाठी चट्ट्यावरील संवेदनानाश, जाड झालेल्या तंत्रिका व जंतूंची तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो.

मर्यादा : मलमे, साबणाचे अवशेष व कपड्यांचे तंतूही चमकतात, तर तपासणीपूर्वी नुकतेच अंग धुतल्यास एरिथ्राझ्म्याचा तांबडा रंग नाहीसा होऊ शकतो. म्हणून दिव्याची साक्ष रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावी लागते. साधेपणा, अल्प खर्च व तत्काळ मिळणारा निर्णय यांमुळे एक शतकानंतरही हे साधन त्वचारोग चिकित्सालयांत टिकून आहे.