पार्श्वभूमीचे चित्रकार : गेममधील स्थळे घडविण्याची विद्या

व्हिडिओ गेम वा ॲनिमेशनपटातील नगरे, अरण्ये आणि राजवाडे प्रथम चित्रात अवतरतात. ती रेखाटणाऱ्यास ‘एन्व्हायर्नमेंट कन्सेप्ट आर्टिस्ट’ म्हणतात. केवळ देखणे निसर्गचित्र येथे पुरत नाही. खेळाडूने कोणत्या वाटेने जावे, हे प्रकाश, रंग व रचनेतूनच उमगावे लागते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हे याचे जवळचे उदाहरण. राजस्थानी वास्तुकला व पहाडी चित्रशैली यांच्या आधारे त्यातील स्थळे घडली.

शिक्षणाचा आरंभ यथार्थदर्शन आणि छायाप्रकाशापासून होतो. बाजार, घाट, जुने वाडे येथे बसून रेखाटने करावीत. त्यानंतर तळहाताएवढ्या चौकटींत काळा, करडा व पांढरा एवढ्याच छटांनी एका दृश्याचे अनेक पर्याय काढावेत. तेथे न साधलेली रचना पुढे कितीही बारकावे भरले तरी सावरत नाही. फोटोशॉप, ब्लेंडर ही साधने नंतरची. त्यांपैकी ब्लेंडर तर विनामूल्य आहे. तरीही अनेक पालक आधी सॉफ्टवेअरच्या वर्गांची भरमसाट फी भरतात, हे दुर्दैव.

आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ‘सीड’ परीक्षा असते. एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

नोकरीच्या वेळी मात्र पदवीपेक्षा चित्रसंग्रह बोलतो. दहा सुटी चित्रे जोडण्यापेक्षा एकच वाडा कच्च्या रेखाटनापासून नकाशा, दिवसाचा व रात्रीचा प्रकाश आणि दाराच्या कडीपर्यंत दाखवावा.